खनिज तेल आणि खडकातील चिकणमाती

जमिनीखाली तेलाचे तळे असते व त्यात नळी सोडताच तेल वर येते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः खनिज तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, स्पंजातील पाण्याप्रमाणे, साठलेले असते. गुजरातमध्ये खंबायत परिसरात १९५८ साली व अंकलेश्वर येथे १९६० साली तेल सापडले. अंकलेश्वरचा तेलधारी खडक वालुकाश्म होय.

वालुकाश्मात वाळूच्या कणांबरोबर थोडीफार चिकणमातीही असते. तिचे कण अत्यंत बारीक व चपटे असल्यामुळे अल्प प्रमाणातही त्यांचा एकूण पृष्ठभाग फार मोठा भरतो. छिद्रांच्या भिंतींवर ही माती पसरलेली असेल, तर तेलाचा संबंध प्रथम तिच्याशीच येतो.

या कणांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युत्‌भार असतो. कच्च्या तेलातील काही जड, डांबरासारख्या द्रव्यांत नायट्रोजन, ऑक्सिजन व गंधक असतात. ही द्रव्ये मातीला चिकटतात. खडकातील पाण्यात असलेले कॅल्शियम त्या दोहोंमध्ये दुव्याचे काम करते. मूळचा पाण्याने भिजणारा पृष्ठभाग अशा रीतीने तेलाने माखला जातो व ते तेल सहजासहजी सुटत नाही. सर्वसाधारणपणे साठ्यातील सुमारे एक-तृतीयांश तेलच हाती येते. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

साठ्यातील दाब घटल्यावर खडकात पाणी दाबून तेल विहिरीकडे ढकलतात. तेथे हीच माती पुन्हा आडवी येते. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज तेलधारी खडकातही असू शकते. गोडे पाणी लागताच ते फुगते आणि छिद्रे बुजतात. केओलिनाइट हे दुसरे खनिज फारसे फुगत नाही. परंतु त्याचे कण सुटून वाहू लागतात व अरुंद वाटांत अडकतात. एकदा बुजलेली वाट मोकळी करणे कठीण व खर्चाचे असते.

यास्तव पाणी सोडण्यापूर्वी खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून पाण्यातील क्षारांचे प्रमाण ठरवावे लागते. पोटॅशियम क्लोराइड मिसळल्यास माती बरीच स्थिर राहते. उलटपक्षी, क्षार बेताने कमी केलेले पाणी काही वालुकाश्मांत चिकटलेले तेल सोडविते, असे १९९० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत आढळले आहे. एका खडकास हितकर ठरलेले पाणी दुसऱ्यास घातक ठरू शकते. म्हणूनच मूठभर मातीची परीक्षा तेलक्षेत्राच्या आयुष्याशी निगडित असते.