सूर मारणारी विमाने

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळून एक जहाज चालले आहे आणि जमिनीकडून एक विमान ३००० मीटर उंचीवरून, सेकंदाला १०० मीटर वेगाने त्यावर चालून येत आहे, अशी कल्पना करा. हवेचा विरोध सोडून दिला, तरी बॉम्ब खाली पोचायला सुमारे २५ सेकंद लागतील. तेवढ्यात तो अडीच किलोमीटर पुढे जाईल. म्हणजे विमान किनाऱ्याच्या आत असतानाच तो सोडायला हवा! शिवाय सेकंदाला १५ मीटर जाणारे जहाज तोवर ३७५ मीटर सरकलेले असेल. नेम लागावा कसा?

मासा टिपणारा सुरय पक्षी करतो तेच वैमानिकांनी केले. जवळजवळ उभा सूर मारून ५०० मीटरवर बॉम्ब सोडला, की तो चार सेकंदांच्या आत पोचतो. पण सूर मारताना वेग बेसुमार वाढतो. म्हणून अमेरिकन नौदलाच्या ‘डॉन्टलेस’ विमानाच्या पंखांना उघडणाऱ्या झडपा होत्या. त्यांना भोके होती. नाहीतर झडपांमागच्या भोवऱ्यांनी शेपूट थरथरत असे. मिडवेच्या लढाईत ४ जून १९४२ रोजी या विमानांनी केलेल्या माऱ्यामुळे चार जपानी विमानवाहू जहाजे बुडाली.

जेट विमाने आली आणि उभा सूर मागे पडला. आपल्या ‘विक्रांत’वरील ‘सी हॉक’ विमाने उतरता सूर मारीत. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. ती विक्रांत २०१४ मध्ये मोडीत निघाली. सी हॉक मात्र गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल संग्रहालयात पाहायला मिळते.

आता त्याची १/७२ प्रमाणाची प्रतिकृती करा. ११.८९ मीटरचा पंखविस्तार १६.५ सेंटिमीटर होईल. २१३ मीटरची विक्रांत सुमारे ३ मीटरची, वर्गात सहज मावेल अशी! पण वजन? सात टनांना ७२ ने भागाल तर ९७ किलो येईल, आणि तुम्ही हसाल. वजन घनफळाबरोबर बदलते. म्हणून ७२ ने तीनदा भागा. उत्तर जेमतेम १९ ग्रॅम. पंखांचे क्षेत्रफळ मात्र ७२ ने दोनदाच भागले जाते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार ७२ पट कमी, आणि तरंगायला लागणारा वेग ७२ च्या वर्गमुळाइतका, सुमारे साडेआठ पट कमी. एवढी हलकी प्रतिकृती खऱ्या विमानापेक्षा खूपच कमी वेगाने टेकू शकेल. खऱ्या सी हॉकला मात्र डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत शेपटीचा आकडा अडकवूनच थांबावे लागे.