मद्याचा परवाना आणि नगराची तिजोरी



बडोद्यात नगराच्या उत्पन्नाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘दारूबंदी उठवा, महानगरपालिकेची तिजोरी आपोआप भरेल.’ दारूबंदी असावी की नसावी, या जुन्या वादात मी आज शिरणार नाही. पण या वाक्यातला हिशेब चुकीचा आहे. तो कसा, हे सांगावे एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम अधिकार कोणाचा, ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या विषयांची सूची आहे. तीत मादक पेयांचे उत्पादन व खरेदीविक्री हा विषय ८ व्या क्रमांकावर आणि त्यांवरील उत्पादनशुल्क ५१ व्या क्रमांकावर येते. म्हणजे नियमन आणि महसूल, दोन्ही राज्य सरकारकडे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरांसाठी बारावी अनुसूची लागू झाली. तिच्यातील १८ विषयांत पाणीपुरवठा आहे, स्मशाने आहेत, कोंडवाडेसुद्धा आहेत. दारूचा परवाना मात्र नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात, जेथे दारू विकली जाते तेथेही, तिच्यावरील शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला. १९६० मध्ये राज्य विभागले गेल्यावर गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने त्याच कायद्याच्या चौकटीत परवान्यांची वाट मोकळी केली. गुजरातेतही आरोग्याच्या कारणासाठी किंवा बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना परवाना मिळतो. तो राज्याचे नशाबंदी व आबकारी खाते देते. महानगरपालिकेला त्यात विचारले जात नाही.

मग नगराची तिजोरी भरते कशाने? पुष्कळ वर्षे जकातीने. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातेतील महानगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. स्वतःच्या हक्काचे मुख्य उत्पन्न उरले ते मालमत्ताकराचे, गुजरातीत ज्याला आपण ‘वेरो’ म्हणतो त्याचे. २०२२ मध्ये बडोदे महानगरपालिकेने १०० कोटी रुपयांचे रोखे विकले. पण रोखे हे कर्जच. ते नियमित उत्पन्नातूनच फेडावे लागते.

मद्य आणि नगराचा कर यांची प्रत्यक्ष गाठ इतिहासात एकदा पडली आहे, आणि ती लोकसमजुतीच्या नेमकी उलट दिशेने. १९३९ मध्ये मुंबई सरकारने मुंबई शहरात दारूबंदी आणली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी त्याच वर्षी शहरातील स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के कर बसवला. मद्रास प्रांताने त्याच कारणाने विक्रीकर सुरू केला. पिणाऱ्याच्या खिशातून येणारा पैसा आता घरमालकाने आणि गिऱ्हाइकाने द्यावा, असा तो स्पष्ट व्यवहार होता.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३७ मध्ये, गांधीजींनी शिक्षणाच्या संदर्भात हाच पेच देशापुढे मांडला होता. प्रांतांतील शाळांचा खर्च मोठ्या अंशी आबकारीच्या उत्पन्नावर अवलंबून होता. मुलांना शिकवायचे तर वडिलांनी प्यायले पाहिजे, अशी ती विपरीत रचना. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला संकोच वाटतो. पण शाळेतच ते सांगितले पाहिजे.

म्हणून मला दोन प्रश्न वेगळे ठेवावेसे वाटतात : नगराचा वाटा आणि नगराचा आवाज. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने मद्याचे परवाने देण्याचे काम स्थानिक कौन्सिलांकडे आले. मात्र अर्जाचे शुल्क नेमून दिलेले असते, आणि ते कामाचा खर्च भागवण्यापुरते. महाराष्ट्रात ठरावीक प्रमाणात मतदारांनी मागणी केल्यास वॉर्डात गुप्त मतदान घेऊन दुकान बंद करता येते. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ हा त्या मतपत्रिकेवरचा प्रश्न पुष्कळ स्त्रियांना तोंडपाठ आहे. दोन्हीकडे आवाज आहे, वाटा नाही.

हीच व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. बाटलीवर पोसली जाणारी नगरपालिका बाटल्या वाढाव्यात असेच इच्छील. परंतु दुकानाचा, किंवा आपल्याकडे चोरट्या गुत्त्याचा, त्रास गल्लीला होतो. जखमी माणूस नगराच्या दवाखान्यात येतो. त्या गल्लीचे म्हणणे कायद्याने ऐकले गेले पाहिजे. राज्य उद्या बंदी ठेवो वा उठवो, ही मागणी दोन्ही परिस्थितींत योग्यच ठरेल.

तिजोरीचे काय, असे कोणी विचारील. पाणी हवे, दिवे हवेत, शाळा हव्यात, आणि पैसे मात्र दुसऱ्या कोणाच्या व्यसनातून यावेत, ही अपेक्षा सुजाण नागरिकाला शोभत नाही. आपला वेरा आपण वेळेवर भरावा आणि त्याचा हिशेब निर्भयपणे मागावा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजनांनी आपल्याला हिशेब शिकवला तो याचसाठी, असे मी मानतो.