हंगामापूर्वीचें वर्षफल

गुढीपाडव्याच्या दिवशीं पंचांग उघडून संवत्सरफल ऐकण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. पर्जन्य किती, धान्य किती, राजा कोण आणि मंत्री कोण, हें सारें त्यांत सांगितलेलें असतें. आणि ऐकणाऱ्याचा त्यावर पुरता विश्वास नसला तरी तो तें ऐकल्यावांचून राहत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयांतहि असेंच एक वर्षफल दर शरदृतूंत वाचलें जातें. तें बास्केटबॉलच्या संघांचें असतें. हिवाळ्याच्या तोंडाशीं सामने सुरू व्हावयाचे असतात. पण त्यापूर्वींच वर्तमानपत्रें संघांची क्रमवारी छापून मोकळीं होतात. कोणता संघ पहिला आणि कोणता दहावा, हें एकहि चेंडू जाळींतून खालीं पडण्याआधींच ठरून गेलेलें असतें.

हें भाकित कशाच्या आधारावर केलें जातें आणि त्याला किती किंमत द्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खेळाच्या शौकिनांचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तरुण माणसांच्या एखाद्या गटाकडून काय अपेक्षा करावी, हें कोणत्या मापानें मोजावयाचें? लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यू. सी. एल. ए. च्या, संघाचीं १९६३ ते १९६६ हीं वर्षें या प्रश्नाचा विचार करण्यास फार उपयोगी आहेत; कारण इतक्या थोड्या काळांत एकाच संघाविषयींचे अंदाज इतक्या निरनिराळ्या रीतींनीं चुकले, आणि एकदां अगदीं बरोबरहि ठरले.

प्रथम या खेळाची रचना ध्यानांत घ्यावयास हवी. डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. त्या टोपल्यांच्या जागीं पुढें लोखंडी कडें आणि जाळी आली. पण दहा फुटांची उंची तीच राहिली. प्रत्येक बाजूस पांच गडी असतात. चेंडू वरून टाकावयाचा असल्यामुळें उंच माणसाला येथें निसर्गतःच लाभ मिळतो. हुकलेला चेंडू फळ्यावर आपटून परत येतो, तेव्हां तोहि बहुधा उंच माणसाच्याच हातीं लागतो.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाविषयींची. धंदेवाईक संघांतील खेळाडू दहा-दहा वर्षें टिकूं शकतो. विद्यार्थी शिक्षण संपलें कीं जातो. १९७२ पूर्वीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघांतून खेळण्याची मुभा नव्हती; म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला तीनच वर्षें येत. त्यामुळें अशा संघाची स्थिति नदीच्या डोहासारखी असते. नांव तेंच, कांठ तोच. पाणी मात्र दरवर्षीं नवें. भाकित करणारा म्हणून चार गोष्टी पाहतो. गतवर्षींचे किती गडी राहिले, त्यांची उंची किती, गेल्या हंगामांत जय किती मिळाले, आणि नव्यानें येणाऱ्या मुलांची कीर्ति काय आहे. चारहि गोष्टी मोजतां येण्यासारख्या आहेत. त्यांची खरी अडचण हीच आहे.

आतां १९६३ चा शरदृतु घ्यावा. यू. सी. एल. ए. चे क्रीडाशिक्षक जॉन वूडन हे इंडियाना राज्यांतील शेतकरी घराण्यांत १९१० सालीं जन्मले आणि पूर्वीं शाळेंत इंग्रजी शिकवीत असत. १९४८ पासून ते या विद्यापीठांत होते. परंतु पंधरा वर्षांत राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्या वांट्याला एकदांहि आलें नव्हतें. १९६२ मध्यें संघ उपांत्य सामन्यापर्यंत पोहोंचला आणि सिनसिनाटीकडून ७२ विरुद्ध ७० अशा दोनच गुणांनीं हरला. १९६३ मध्यें तर राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यांत ॲरिझोना राज्य विद्यापीठानें त्याचा ९३ विरुद्ध ७९ असा पाडाव केला. सरावाची जागाहि वैभवाची नव्हती. ज्या व्यायामशाळेंत हा संघ शिकत होता तेथें त्याच वेळीं कुस्तीगीर आणि कसरतपटू आपापला सराव करीत. आणि जमिनीवरील धूळ सरावापूर्वीं खुद्द वूडन झाडून व पुसून काढीत. हंगामाच्या आरंभीं ते मुलांना पहिला धडा देत तो मोजे सुरकुती न पडतां कसे चढवावे आणि बुटाची नाडी कशी बांधावी याचा. पायाला फोड आला तर उत्तम खेळाडूहि निरुपयोगी होतो, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

अंदाज करणाऱ्याला हे मोजे दिसत नव्हते. त्याला उंची दिसत होती. वॉल्ट हॅझर्ड ६ फूट २ इंच, गेल गुडरिच ६ फूट १ इंच, जॅक हर्श ६ फूट ३ इंच, आणि कीथ एरिक्सन व फ्रेड स्लॉटर प्रत्येकीं ६ फूट ५ इंच. मध्यस्थानीं खेळणारा स्लॉटर हा इतर मोठ्या संघांतील मध्यस्थांच्या तुलनेनें ठेंगणाच म्हणावयाचा. लोकांचे डोळे त्या वेळीं आधींच्या हंगामांतील विजेत्या, शिकागोच्या लोयोला विद्यापीठाकडे लागले होते.

या उणिवेवर तोड काढली ती वूडन यांचे सहायक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहामुळें. त्या काळीं महाविद्यालयीन खेळांत चेंडू किती वेळांत टाकावा याला मर्यादा नव्हती. ती पुरुषांच्या खेळांत १९८५ सालीं आली. त्यामुळें उंच संघाला संथपणें चेंडू हातोहात फिरवून, आपला उंच गडी टोपलीखालीं उभा राहीपर्यंत वाट पाहतां येत असे. नॉर्मन यांचें म्हणणें असें कीं, प्रतिपक्षाला ही स्वस्थता मिळूंच द्यावयाची नाहीं. गुण मिळवितांच मागें न हटतां, सबंध क्रीडांगणभर त्याला अडवावयाचें. याला त्या खेळांत ‘प्रेस’, म्हणजे दडपण, असें म्हणतात.

मराठी श्रोत्यांना हा व्यूह आट्यापाट्यांच्या आठवणीनें सहज उमगेल. पाटी धरणारा गडी आपली रेघ सोडून वाटेल तिकडे धांवत सुटत नाहीं. तो समोरच्याला हळूहळू चुकीच्या कोंडींत वळवितो. येथेंहि तसेंच होतें. पहिल्या रांगेंत गुडरिच आणि स्लॉटर, दुसऱ्या रांगेंत हॅझर्ड आणि हर्श, आणि सर्वांच्या मागें एकटा एरिक्सन. प्रतिपक्षाला पांच सेकंदांत चेंडू आंत टाकावा लागे आणि दहा सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागे. पुढचे दोघे त्याला कडेच्या रेषेकडे रेटीत, दुसऱ्या रांगेंतील एक जण येऊन कोंडी पुरी करी, आणि घाईंत फेंकलेला लांब चेंडू मागें टपून बसलेला एरिक्सन उचली. हा एरिक्सन व्हॉलीबॉलचाहि असा खेळाडू होता कीं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें तो त्या खेळांत अमेरिकेकडून उतरला. स्लॉटर उंचीनें कमी असला तरी पायानें चपळ होता. सारांश, जी गोष्ट अंदाज करणाऱ्याच्या वहींत उणी म्हणून नोंदली गेली होती तीच या व्यूहांत जमेची ठरली. या पांच जणांच्या जागीं पांच धिप्पाड पण मंद गडी असते तर हा व्यूह पहिल्याच आठवड्यांत मोडला असता.

दर वेळीं चेंडू हिसकावून घेणें हा या व्यूहाचा खरा हेतु नव्हता. प्रतिपक्षाची चाल बिघडावी, त्याला दम लागावा, आणि सामन्यांत केव्हां तरी दोन-तीन मिनिटें अशीं यावींत कीं तो गोंधळून जाईल, हा हेतु होता. डिसेंबरांत बलाढ्य मिशिगनचा ९८ विरुद्ध ८० असा पराभव झाला, तेव्हां लोक जागे झाले. हंगामाच्या अखेरीस राष्ट्रीय स्पर्धेंत सिअ‍ॅटलवर पांच, सॅन फ्रॅन्सिस्कोवर चार आणि कॅन्सस राज्य विद्यापीठावर सहा गुणांनीं जय मिळाला. या फरकांवरून दिसतें कीं हा संघ अजिंक्य म्हणून जन्मलेला नव्हता. प्रत्येक पायरीवर तो घसरूं शकला असता. अंतिम सामना २१ मार्च १९६४ रोजीं कॅन्सस सिटी येथें ड्यूक विद्यापीठाशीं झाला. ड्यूककडे ६ फूट १० इंच उंचीचे दोन गडी होते. पूर्वार्धांत ड्यूक ३० विरुद्ध २७ असा पुढें असतां तीं दोन-तीन मिनिटें आलीं. यू. सी. एल. ए. नें लागोपाठ १६ गुण केले आणि तितक्या वेळांत ड्यूकला एकहि गुण मिळाला नाहीं. अखेर ९८ विरुद्ध ८३ असा निकाल लागला, आणि तीस सामन्यांपैकीं तीस जिंकून हंगाम संपला. त्या दिवशीं गुडरिचनें २७ गुण केले. पण २६ गुण केले ते केनी वॉशिंग्टन या राखीव खेळाडूनें, ज्याचें नांव कोणत्याहि अंदाजांत असण्याचें कारण नव्हतें.

पुढचा शरदृतु आला तेव्हां हॅझर्ड, स्लॉटर आणि हर्श हे तिघेहि निघून गेले होते. पांचांतले तीन गेले, म्हणजे डोहांतलें पाणी अर्ध्याहून अधिक बदललें. पहिल्याच सामन्यांत इलिनॉयनें ११० विरुद्ध ८३ असा दणदणीत विजय मिळवून शंकेखोरांना दुजोरा दिला. परंतु गुडरिच, एरिक्सन आणि वॉशिंग्टन यांना तो व्यूह अंगवळणी पडलेला होता. नव्यांनीं तो त्यांच्याकडून उचलला. संघानें त्या हंगामांत एकंदर दोनच सामने गमावले, आणि २० मार्च १९६५ रोजीं पोर्टलंड येथें मिशिगनला ९१ विरुद्ध ८० असें हरवून अजिंक्यपद राखलें. एकट्या गुडरिचचे ४२ गुण झाले. यावरून असें म्हणतां येईल कीं गडी गेले तरी शिकवण राहूं शकते. मात्र ती पुढच्यांच्या हातीं देणारे दोन-तीन जण तरी मागें राहावे लागतात.

तिसरा शरदृतु १९६५ चा. आतां सारा देश शहाणा झाला होता. दोन वर्षांच्या विजेत्याला अंदाजांत पहिला क्रम मिळाला. सामने सुरू होण्यापूर्वीं, २७ नोव्हेंबर १९६५ रोजीं, विद्यापीठाच्या नव्या पॉली क्रीडागृहांत एक घरगुती सामना झाला. एका बाजूस हा पहिल्या क्रमाचा मुख्य संघ, दुसऱ्या बाजूस पहिल्या वर्षाचीं मुलें. त्या मुलांत सात फुटांहून उंच असा ल्यू अल्सिंडर होता. मुलांनीं मुख्य संघाला ७५ विरुद्ध ६० असें हरविलें. अल्सिंडरनें ३१ गुण केले आणि फळ्यावरून परतलेले २१ चेंडू झेलले. देशांतील पहिला समजला जाणारा संघ आपल्या घरांतहि दुसरा होता. आणि ज्यांनीं त्याला हरविलें त्यांना नियमाप्रमाणें वर्षभर मुख्य संघांत येतां येत नव्हतें. पुढें ड्यूकनें त्याच डिसेंबरांत या संघाला दोनदां हरविलें. गुडरिच आणि एरिक्सन आतां नव्हते, दुखापती आणि आजार यांनीं उरलेल्यांना गांठलें, आणि व्यूहाची नवलाईहि ओसरली होती. १८ विजय आणि ८ पराभव असा हिशेब होऊन संघ आपल्या विभागांतहि पहिला आला नाहीं. ओरेगन राज्य विद्यापीठ पहिलें आलें, आणि राष्ट्रीय स्पर्धेचें दार बंद झालें.

चौथ्या शरदृतूंत, १९६६ मध्यें, अल्सिंडर मुख्य संघांत आला. या वेळीं अंदाज करणाऱ्यांना फारसा विचार करावा लागला नाहीं, आणि ते चुकलेहि नाहींत. संघ पुन्हां तीसपैकीं तीस सामने जिंकून विजेता ठरला. अल्सिंडर हाच पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगाला ठाऊक झाला. तेव्हां मोजमाप सर्वस्वीं निरर्थक असतें असेंहि म्हणणें बरोबर नाहीं. एखाद्या संघांत इतरांहून फार वेगळा असा एक खेळाडू आला तर मोजपट्टी खरें सांगते. जेथें सर्व जण साधारण सारखे असतात तेथें मात्र ती मुकी होते. आणि बहुतेक संघ, बहुतेक वर्षीं, याच दुसऱ्या वर्गांतले असतात.

त्यानंतर या खेळांत पुष्कळ फेरफार झाले. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत आज तीस सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, आणि लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात. २०२१ पासून विद्यार्थ्याला एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जाऊन लगेच खेळण्याची सवलत मिळाली, आणि आपल्या नांवाच्या व प्रसिद्धीच्या जोरावर पैसा मिळविण्याचीहि मोकळीक झाली. त्यामुळें शिक्षण संपण्यापूर्वींच संघ फुटतात आणि एका उन्हाळ्यांत नवे जुळतात. खेळाडूंच्या दृष्टीनें यांत न्याय आहे. कारण त्यांच्या श्रमांवर इतरांनीं फार काळ पैसा मिळविला होता. परंतु मागें राहून नव्यांना शिकविणाऱ्या त्या दोन-तीन जणांची जागा मात्र यामुळें पुष्कळदां रिकामी पडते.

म्हणून आगामी हंगामाचें वर्षफल वाचणाऱ्यानें क्रमांकापेक्षां तीन प्रश्न अधिक आग्रहानें विचारावे. या गड्यांना एकत्र खेळून किती दिवस झाले? त्यांच्या उणिवांना साजेल अशी खेळण्याची रीत त्यांच्या शिक्षकाला सांपडली आहे काय? आणि राखीव बांकावर बसलेल्या मुलाला, आपली पाळी येईल असें समजून कोणी तयार केलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें छापील यादींत नसतात. तीं सरावाच्या जागीं, सकाळ-संध्याकाळ, थोडथोडीं तयार होत असतात. १९६३ च्या शरदृतूंत लॉस एंजेलिसच्या त्या गर्दीच्या व्यायामशाळेंत कोणी जाऊन बसला असता, तर त्याला जमीन पुसणारा एक शिक्षक आणि मोजे नीट करणारीं कांहीं मुलें एवढेंच दिसलें असतें. आणि त्या वर्षींच्या अंदाजाला लागणारी पुष्कळशी सामग्री त्यांतच होती.