पायाखालची काटकी

१९७७ पासून जीवशास्त्रज्ञ थॉमस शोनर आणि सहकाऱ्यांनी बहामातल्या काही चिमुकल्या बेटांवर तपकिरी अनोल सरडे सोडले, ते त्यांचं मरण पाहायला. स्टॅनियल की या बेटावरून आणलेले मूठभर सरडे एवढ्याशा जागेत कितपत तग धरतात, हा प्रश्न होता. सरड्यांनी प्रयोगाचा विचका केला. नष्ट व्हायचं सोडून त्यांनी संसार थाटले.

पुढे जीवशास्त्रज्ञ जोनाथन लोसोस यांनी या वंशजांची मापं घेतली. मूळ बेटावर त्यामानाने उंच झाडं होती, नव्या बेटांवर खुरटी झुडपं. जाड बुंध्यावर लांब पाय वेग देतात. बारीक काटकीवर तेच पाय घसरतात. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: अवघ्या १०-१४ वर्षांत पायांची ठेवण बदलली होती, आणि झाडोरा जितका बारीक तितके मागचे पाय आखूड होते.

पण ही उत्क्रांती की तालीम? तालमीत पोराचे दंड भरतात, तसे बुंध्यांवर पळून पायच वाढत असतील तर? लोसोस यांनी प्रयोगशाळेत काही पिल्लं रुंद फळ्यांवर, काही बारीक काड्यांवर वाढवली. फळ्यांवरच्यांचे पाय खरोखरच लांब निघाले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाखाली असा सुरुंग लावणारे शास्त्रज्ञ विरळाच!

मग वारशाचा वाटा किती? २००४ च्या फ्रान्सिस वादळाने अबाकोजवळची काही बेटं धुऊन काढली. पुढच्या वर्षी जेसन कोल्बी यांच्या गटाने तिथल्या सात बेटांवर प्रत्येकी सरड्यांची एकच जोडी सोडली. चार वर्षांत सगळीकडे पाय आखूड झाले. तरीही लांब पायांच्या जोडीच्या वंशजांचे पाय इतरांपेक्षा लांबच राहिले. घराण्याची छाप पुसली गेली नाही.

२०१७ मध्ये टर्क्स आणि केकोस बेटांवर संशोधक कॉलिन डोनिह्यू यांचं तिथल्या अनोलांचं मोजमाप नुकतंच आटोपलं होतं. मागोमाग इर्मा आणि मारिया ही वादळं आली. ते परतले तेव्हा वाचलेल्या सरड्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या होत्या, पुढचे पाय लांब, मागच्या मांड्या आखूड. काही आठवड्यांत तालमीने एवढं घडत नाही. वादळानेच निवड केली होती. पालापाचोळा उडवायचं यंत्र लावल्यावर कारण दिसलं. काठीला बिलगलेल्या सरड्याच्या बाहेर आलेल्या मांड्यांत शिडासारखा वारा भरत होता. दीड वर्षानंतर पुढच्या पिढीतही गाद्या मोठ्याच होत्या. मग अनोलांच्या १८८ जाती तपासल्या, तर जिथे वादळं अधिक तिथे गाद्याही मोठ्या.