परदेशी जाताना औषधपाण्याचा हिशेब

रविवार कारंजावर चाळीस वर्षे किराण्याची पेढी चालविलेले आमचे एक स्नेही गेल्या चातुर्मासात सपत्नीक घरी आले. न्यू जर्सीतील मुलाने दोघांसाठी ग्रीन कार्ड मिळविले होते. दुकान पुतण्याच्या हाती सोपवून झाले होते. तयारीची यादी त्यांनी वहीत लिहून आणली होती, तिची शेवटची ओळ अशी : ‘मेडिक्लेम बंद करणे. हप्ता वाचेल.’ प्रस्तुत लेख त्या एका ओळीमुळे लिहीत आहे.

अमेरिकेत पासष्टीनंतर सरकारी ‘मेडिकेअर’ मिळते, असे त्यांनी ऐकले होते. ते अर्धे खरे आहे. ज्याने स्वतः अथवा ज्याच्या जोडीदाराने तेथे ४० तिमाही, म्हणजे सुमारे दहा वर्षे, काम करून कर भरला, त्यालाच त्यातील रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळतो. मुलाने कितीही कर भरला असला तरी ती जमा आई-वडिलांच्या खात्यावर चढत नाही. त्यांनी आधी सलग पाच वर्षे तेथे वास्तव्य करावयाचे आणि मग विमा विकत घ्यावयाचा. २०२५ चा दर रुग्णालयाच्या भागाला दरमहा ५१८ डॉलर व डॉक्टरांच्या भागाला १८५ डॉलर, एकूण ७०३. डॉलरला ८५ रुपये धरले तरी माणशी महिना जवळजवळ साठ हजार रुपये होतात. माल उतरण्याआधीच भाडे चुकते करावे, तसा हा प्रकार.

मधल्या पाच वर्षांसाठी तेथील ‘मार्केटप्लेस’मधून खासगी विमा घेता येतो. जुन्या आजारामुळे तो नाकारला जात नाही, ही मोठी सोय आहे. मात्र तेथे स्थायिक होण्यासाठी उतरल्यापासून ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. ती मुदत चुकली तर वार्षिक नोंदणीची वाट पाहणे आले. मुलाने करविवरणात आई-वडिलांना आपल्यावर अवलंबून दाखविले, तर हप्त्यातील सवलत त्याच्याही उत्पन्नावर मोजली जाते. हे मुलाला आधीच विचारून घ्यावे. संकोच करू नये.

केवळ भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना असा कोणताही हक्क नाही. त्यांच्या प्रवासी विम्यात मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार बहुधा वगळलेले असतात. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’ला तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याला सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

आता येथील बाजू. पेढीवर बसणाऱ्याला ना निवृत्तिवेतन, ना मालकाने काढलेला विमा. जुनी पॉलिसी हीच त्याची पुंजी. ती एकदा तुटली की सत्तरीत नव्याने अर्ज करावा लागतो आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा सुरू होते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा हप्त्याचा भारही थोडा उतरला. एक सूचना बँकेच्या अनुभवातून : कायमचे जाताना बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. त्या वेळी खाते बदलले, तर हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना तुटू शकते, आणि ते सवलतीची मुदत उलटून गेल्यावरच कळते.

औषधे साधारणतः तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते, तेव्हा पर्यायी गोळी येथेच लिहून घेतलेली बरी. न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनजवळ आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापिलेले सिद्धाचलम् आहे. दर्शनाची चिंता नाही. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे मात्र रुग्णालयाला आधी सांगून ठेवावे लागेल.

स्नेह्यांनी ती ओळ खोडली. वहिनींनी मात्र विचारले, “म्हणजे भाऊ, मोठे दुखणे आले तर नाशिकलाच यायचे, असेच ना? आणि विमानात बसण्याची ताकदच उरली नसेल तर?” मी त्यांच्या वहीत त्या साठ दिवसांची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली आणि तिच्याखाली मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची.