आपल्या वतीने कोण बोलले?
(जिनेव्हा ते पॅरिस : एका प्रश्नाचा प्रवास)

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या घरी दोन फोन हमखास येतात. एक उदगीरहून काकांचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांचा. दुसरा बीदरहून मामांचा, कल्याण कर्नाटक उत्सवाचा. एक मराठीत, दुसरा कन्नडमध्ये. तारीख एक आणि कारणही एकच. १९४८ साली त्या दिवशी निजाम सरकारने शस्त्रे खाली ठेवली. माझी आजी मात्र या दिवसाला नुसते ‘पोलिस ॲक्शन’ म्हणते. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

मध्यंतरी ग्रंथालयात वाचताना मला एक नवी गोष्ट कळली. शरणागतीच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे हैदराबादचा प्रश्न निघाला होता! घरी येऊन मी आजीला विचारले, “आजी, तिकडे पॅरिसमध्ये आपल्याबद्दल चर्चा चालली होती, तुला ठाऊक होतं का?” आजी म्हणाली, “आम्हाला कोण विचारत होतं रे?”

आजीचे हे वाक्य डोक्यातून जाईना. शांततेसाठी स्थापन झालेल्या जागतिक सभेत एखाद्या मुलखाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न हैदराबादपुरता नाही. तो पॅरिसच्याही आधी, जिनेव्हात निर्माण झाला होता.

पहिल्या महायुद्धानंतर १० जानेवारी १९२० रोजी राष्ट्रसंघ अस्तित्वात आला. त्याचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील जिनेव्हा येथे होते. नव्या सभासदासाठी तो देश स्वयंशासित असावा अशी अट होती. हिंदुस्थान तर तेव्हा परतंत्र. तरीही तो राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, कारण व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची सही होती. ती सही केली कोणी? भारतमंत्री माँटेग्यू या इंग्रज गृहस्थांनी आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी.

पुढेही हाच शिरस्ता राहिला. जिनेव्हाच्या वार्षिक सभेला हिंदुस्थानचे जे शिष्टमंडळ जाई, त्यात बहुधा एक संस्थानिक असे. क्रिकेटपटू म्हणून आपणांस माहीत असलेले नवानगरचे रणजितसिंहजीही तेथे गेले होते. सूचना लंडनहून येत. शिष्टमंडळाचे नेतृत्व भारतीय माणसाकडे येण्यास १९२९ साल उजाडावे लागले. ते सर महंमद हबीबुल्ला यांच्याकडे आले. १९३७ साली आगाखान राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष झाले, हा मान मोठाच; पण त्यांनाही येथील जनतेने निवडून पाठवले नव्हते. हैदराबाद तर संस्थान. संस्थानाला परराष्ट्र संबंध ठेवण्याची मोकळीक नव्हती. म्हणजे आमचे पूर्वज दुहेरी मुके होते : निजामापुढे बोलता येत नव्हते आणि जिनेव्हात त्यांचे नावही नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे माझी नजर आधी वर्गणीच्या रकान्याकडे गेली. राष्ट्रसंघाचा खर्च सभासदांमध्ये ‘युनिट’च्या हिशेबाने वाटला जाई. १९३०च्या सुमारास ब्रिटनचे १०५ युनिट होते, फ्रान्सचे ७९, इटली व जपानचे प्रत्येकी ६० आणि हिंदुस्थानचे ५६! मोठ्या सत्तांच्या पाठोपाठ वर्गणी भरणारा देश आपला, आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस निवडण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे. कोणत्याही भागधारकाला हा व्यवहार पटणार नाही.

राष्ट्रसंघात चर्चा उत्तम होत. कमतरता होती ती अंमलबजावणीची. महत्त्वाच्या निर्णयाला एकमत लागे आणि स्वतःचे सैन्य नव्हते. १९३१ मध्ये जपान मांचुरियात घुसला. चौकशीसाठी लॉर्ड लिटन यांचे कमिशन नेमले गेले. हे पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते. त्यांच्या अहवालाच्या आधारे २४ फेब्रुवारी १९३३ रोजी सभेने ४२ विरुद्ध १ अशा मतांनी जपानला दोष दिला. विरुद्ध पडलेले एक मत जपानचेच. जपानी प्रतिनिधी उठून गेले आणि मांचुरिया जपानकडेच राहिला.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चढाई केली. राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध घातले, पण त्यांतून तेल वगळले! ३० जून १९३६ रोजी सम्राट हेले सेलासी स्वतः जिनेव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. जुलैमध्ये निर्बंध उठले. सप्टेंबरात आणखी एक पेच पडला : देश शत्रूच्या ताब्यात गेल्यावर सम्राटाच्या शिष्टमंडळाला सभेत बसू द्यावे काय? त्या अधिवेशनापुरते बसू दिले गेले. राजधानी गेली तरी खुर्ची राहिली.

हा पेच लक्षात ठेवून आता १९४८ कडे येऊ.

१५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांची संस्थानांवरील अधिसत्ता संपली. निजामाचे म्हणणे असे, की त्यामुळे हैदराबाद स्वतंत्र झाले. भारत सरकारने २९ नोव्हेंबरला त्यांच्याशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. तो टिकला नाही. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा समितीकडे तारेने तक्रार केली. त्याच रात्री हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला व त्यात त्यांचा अंत झाला. भारतात विलीन व्हावे असे त्यांनी लिहिले, हाच त्यांचा गुन्हा. जगाकडे न्याय मागणारी तार ज्या शहरातून गेली, त्याच शहरात वेगळे मत लिहिणाऱ्याला ही शिक्षा मिळाली.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ ला पॅरिसची बैठक भरली. अध्यक्ष होते ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार म्हणाले, की हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याने राष्ट्रच नाही, म्हणून तक्रार ऐकण्याचा समितीला अधिकार नाही. तरीही विषय ८ विरुद्ध ० मतांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतला गेला; चीन, रशिया व युक्रेन तटस्थ राहिले. हैदराबादची बाजू नवाब मोईन नवाज जंग यांनी मांडली. पण दुसऱ्याच दिवशी युद्ध संपले. २२ तारखेला खुद्द निजामाची तार आली : तक्रार मागे घेतो. २८ तारखेला नवाबसाहेबांनी सांगितले, की निजाम आता मोकळे नाहीत, त्यांचा शब्द धरू नका. म्हणजे पुन्हा जिनेव्हाचाच पेच! समितीने निकाल दिलाच नाही. २४ मे १९४९ नंतर चर्चाही थांबली. विषय मात्र अनेक दशके प्रलंबितांच्या यादीत राहिला.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये भारत बोलला, निजाम सरकार बोलले. त्या दिवशी संस्थानातील काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या दीड कोटींहून अधिक प्रजेपैकी कोणालाही कोणी विचारले नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, की रझाकारांच्या जुलमानंतर पोलिस ॲक्शनच्या काळात मुस्लिम कुटुंबांवर जे अत्याचार झाले, त्यांचाही आवाज दबला. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळलेले म्हटले. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. आमच्या घरी हा विषय निघाला की आजी पदर सावरून उठून जाते.

शेवटी एक हिशेब. २० सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या लंडनमधील बँकेतल्या खात्यातून १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे जमा झाले. निजामाने ते परत मागितले. बँकेने दिले नाहीत. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने भारत व निजामाचे वंशज यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. पैशाला एकाहत्तर वर्षांनी का होईना, वाली मिळाला, आणि तोही व्याजासकट.

माणसांच्या म्हणण्याचे तसे कोणतेही खाते नव्हते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी त्या काळातले कोणी असेल, मग ते मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू काहीही बोलणारे असो, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. पॅरिसला जमले नाही ते आपल्याला जमेल. मी आजीला पुन्हा विचारणार आहे. या वेळी ती उठून गेली, तर मागोमाग स्वयंपाकघरात जाईन.