बोर्डावर किती, कार्डावर किती?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असतो आणि दुसरा ‘इंटेल की एएमडी?’. या दोन्हींच्या आधी विचारायला हवं की मॉनिटर कोणता घेणार. फुल एचडी पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि फोर-केवर जवळजवळ ८३ लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमला हे सगळे नव्याने रंगवावे लागतात, आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरं पडायचं तर एका फ्रेमसाठी सात मिलिसेकंदही हाताशी नसतात. फोर-केवर ‘सायबरपंक २०७७’ खेळणाऱ्याचा सगळा भार कार्डावर पडतो. फुल एचडीवर ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ शेकड्यांनी फ्रेम काढत खेळणाऱ्याचा प्रोसेसर आधी दमतो.

यात मदरबोर्ड कुठे आहे? फ्रेम मोजायला बसलं तर जवळजवळ कुठेच नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच कार्ड पंधरा हजारांच्या बोर्डावर बसवा की पन्नास हजारांच्या, खेळात फरक कळत नाही. तरीही कोटेशनमध्ये महागडा बोर्ड सहज घुसतो, कारण तो दिसायला जबरदस्त असतो. काळं चिलखत, आरजीबी दिवे, पाठीवर छापलेला ड्रॅगन नाहीतर डोळा. माझं मत विचाराल तर बोर्ड पुरेसा घ्यावा आणि वाचलेला पैसा कार्डात घालावा. अडचण एवढीच की पुरेसा म्हणजे किती, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

सुरुवात सॉकेटपासून करावी, कारण पुढची पाच वर्षं तिथेच ठरतात. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी बी३५० बोर्ड घेतलेल्यांना २०२२ मध्ये बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. एएम४ सॉकेटने इतकी साथ दिली. त्याच २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले; सॉकेटचं नाव तेच, एलजीए११५१, पण ते आधीच्या पिढीच्या बोर्डावर चालेनात. नंतरच्या एलजीए१७०० वर बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत तीन पिढ्या निघाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर एलजीए१८५१ आलं. एएमडीचं एएम५ सप्टेंबर २०२२ चं. त्यावर ७००० आणि ९००० या दोन्ही मालिका चालतात, आणि निदान २०२७ पर्यंत हे सॉकेट सांभाळू असं कंपनीने जाहीर केलं आहे. निव्वळ गेमिंगसाठी आज कुणी सल्ला विचारला तर मी एएम५ सांगतो. त्याला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या आठ कोअरच्या रायझनला ३२ एमबी एल३ कॅश असते, तर ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांना ९६ एमबी. खेळाला वारंवार लागणारा डेटा प्रोसेसरच्या पोटातच सापडला की रॅमकडे जायचा हेलपाटा वाचतो. ९८००एक्स३डीमध्ये ही जादा कॅश कोअरच्या खाली सरकवली आहे, त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरपर्यंत पोचते.

चिपसेटवर फार वेळ घालवायची गरज नाही. एएमडीच्या एक्स६७० बोर्डावर बी६५० चीच चिप दोनदा बसवलेली असते. त्यातून पोर्ट आणि लेन (डेटाच्या वाटा) वाढतात, वेग वाढत नाही. बी६५० किंवा बी८५० बहुतेकांना पुरून उरतो. इंटेलकडे मात्र प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर झेड मालिकेचाच बोर्ड लागतो.

आता खरी मेख. प्रोसेसरला वीज देणारी जी यंत्रणा बोर्डावर असते तिला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या आठ पिनांच्या जोडणीतून १२ व्होल्ट येतात, पण प्रोसेसरला हवे असतात सव्वा व्होल्टच्या आसपास. म्हणजे १२० वॅट घेणारा प्रोसेसर १.२ व्होल्टला तब्बल १०० अँपिअर ओढतो. घरातला दीड टनी एसी सात-आठ अँपिअरमध्ये भागवतो. सॉकेटच्या दोन बाजूंना रांगेत बसलेले चौकोनी चोक आणि त्यांच्या शेजारी हीटसिंकखाली झाकलेले मॉस्फेट मिळून हे रूपांतर करतात. मॉस्फेट सेकंदाला लाखो वेळा वीज तोडतात आणि जोडतात, चोक तिला सपाट करतो. अशा एका संचाला फेज म्हणतात.

खोक्यावर ‘१४+२+१’ असं मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. पहिला आकडा कोअरसाठीच्या फेजचा. त्याला भुलू नये. बऱ्याच बोर्डांवर कंट्रोलरच्या एकाच इशाऱ्यावर दोन-दोन संच एकदम चालतात आणि जाहिरातीत ते दोन म्हणून मोजले जातात. पाहायचं ते मॉस्फेट किती अँपिअरचे आहेत. ८० अँपिअरचे आठ असलेला बोर्ड ५० अँपिअरच्या दहापेक्षा भक्कम. हीटसिंकही हातात घेऊन बघावा. भरीव, खाचा पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा वेगळा आणि वरून चढवलेलं नुसतं प्लास्टिकचं कव्हर वेगळं. व्हीआरएम फार तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि खेळताना मध्येच फ्रेम का पडल्या याचा पत्ता लागत नाही.

मात्र याचंही भूत करू नये. एक्स३डी प्रोसेसर खेळताना बहुधा १०० वॅटच्या आतच राहतात. मध्यम किमतीच्या बी६५० ला ते सहज झेपतं. इंटेलचा आय९-१४९००के मात्र अधिकृत मर्यादेतच २५३ वॅटपर्यंत जातो. तिथे बोर्डात काटकसर करू नये.

बोर्डाचा बायोस किती महत्त्वाचा असतो हे अलीकडे दोनदा दिसलं. एप्रिल २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रं फिरू लागली. रॅमचा वेगवान प्रोफाइल चालू केला की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज नको तितकं चढवत होते. मग एएमडीने ते १.३ व्होल्टच्या वर जाणार नाही असा नवा बायोस सगळ्या बोर्ड कंपन्यांना द्यायला लावला. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर खेळता खेळता क्रॅश होऊ लागले. त्यात प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोकोड जास्त व्होल्टेज मागत होता, आणि बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये विजेची मर्यादाच ढिली सोडलेली होती. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. म्हणून बोर्ड घेताना त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर शेवटचा बायोस कधीचा आहे ते पाहावं, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्यावा. जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल तर पेन ड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न बसवताही अपडेट होतो.

मॅन्युअल विकत घेण्याआधी डाउनलोड करून वाचावं. कंटाळवाणं असतं, पण खरी गोम त्याच्या तळटीपांत असते. ‘दुसऱ्या एम.२ मध्ये ड्राइव्ह बसवल्यास ग्राफिक्सचा स्लॉट एक्स८ होईल’ किंवा ‘साटाचे अमुक दोन पोर्ट बंद होतील’ अशी वाक्यं तिथे सापडतात. एक्स८, म्हणजे आठ लेनचा, झाल्याने पीसीआयई ५.० वर फारसं बिघडत नाही. जुन्या ३.० बोर्डावर मात्र बिघडतं. आरटीएक्स ५०६० टीआय मुळातच आठ लेनचं कार्ड आहे. त्याच्या ८ जीबी आवृत्तीची मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने रॅमकडे ये-जा करू लागतो. तसंही आज ८ जीबीचं कार्ड घेऊ नये. १४४०पीसाठी १६ जीबीचं आरएक्स ९०७० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०७० टीआय ही मला सध्या समंजस निवड वाटते.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. एएम५ साठी डीडीआर५-६०००, सीएल३०. चार पट्ट्या लावून चारही दिवे पेटवायचा मोह टाळावा, कारण चारही स्लॉट भरले तर रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो.

एसएमपीएस हा कोटेशनमधला सगळ्यात दुर्लक्षित आयटम. तीनशे वॅटच्या कार्डाला ७५० वॅटचा, एटीएक्स ३.१ मानकाचा घ्यावा. कार्ड क्षणभर नेहमीच्या दुप्पट वीज मागू शकतं, आणि ३.० पासूनची मानकं असे झटके सोसायला सांगतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० च्या वितळलेल्या जोडण्या गाजल्या होत्या. त्यानंतर १२व्ही-२x६ ही सुधारित जोडणी आली. तिच्या सेन्स पिन आखूड आहेत, त्यामुळे प्लग अर्धवट बसला तर कार्ड पूर्ण वीज ओढत नाही. तरी प्लग शेवटपर्यंत दाबावा आणि केबल लगेच वाकवू नये.

परदेशी परीक्षणांत नसलेल्या दोन गोष्टी आपल्याकडे पाहाव्या लागतात. तिथल्या चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३८ असताना तोच कूलर तेवढ्याच भाराला पंधरा अंशांनी वर जातो, म्हणून पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्यावं, काचेचा डबा नको. दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटमधलं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी बारीकशी वीज मग कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबते आणि अनवाणी उभं राहून बोट लावलं की झिणझिण्या येतात. आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, मग पीसी.

जोडणी करताना एएम५ आणि इंटेल, दोन्हीकडे पिना बोर्डावर असतात, एएम५ ला १,७१८. केसाएवढ्या बारीक पिनांपैकी एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते. प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. लिव्हर बंद करताना काळं झाकण आपोआप उडतं. ते फेकू नये, बोर्ड सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावा लागतो. एम.२ च्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म आधी काढावी. रॅमच्या दोन पट्ट्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मॉनिटरची केबल बोर्डाला नाही तर कार्डाला.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर एएम५ वर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमचा मेळ बसवत असतो. घाबरून वीज बंद करू नये. चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन एक्सपो हा रॅमचा वेगवान प्रोफाइल चालू करावा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० च्या आसपासच चालत राहते. नंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ करून घ्यावा.